तार कोणी तोडली

सालोमीनं कळ दाबली. सुई हलली नाही.

तिनं कळ सोडली, सेलच्या टोकांना जोडलेल्या तारा चिमटीत धरून घट्ट केल्या आणि पुन्हा दाबली. लाकडी चौकटीवर ताणलेली तांब्याची तार लख्ख चमकत होती. तिच्याखाली वीतभर लांबीची चुंबकसूची उत्तर-दक्षिण पडून होती, जशी सकाळपासून पडून होती तशीच. तारेतून वीज वाहू लागली की सुई वळते, हे वाक्य सालोमीनं मघाशीच फळ्यावर लिहून त्याखाली रेघ मारली होती. नववी ‘अ’ची मुलं बाकांवरून अर्धवट उठून पुढं झुकली होती.

“टीचर, हलली का?” पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

“थांबा जरा.”

तिनं सेल बदलले. कळ दाबली. मागं कोणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं. सालोमीनं साडीचा पदर खोचला, फळ्याकडं वळली आणि खडूनं सुईचं चित्र काढून ती कशी वळली असती ते दाखवलं. घंटा होईपर्यंत ती मुलांकडं पाठ करूनच बोलत राहिली.

शेवटच्या बाकावर इग्नेशियस सर बसले होते. बी.एड. कॉलेजात ते विज्ञान शिकवण्याची पद्धत शिकवत आणि वसईतल्या शाळाशाळांतून फिरून भावी शिक्षकांचे सराव पाठ तपासत. त्यांच्या शेजारी विनी होती. गणित आणि विज्ञान घेतलेल्या सालोमी आणि विनी या दोघीच त्या शाळेत सरावाला होत्या. एकीच्या पाठाला दुसरीनं बसायचं असा नियमच होता.

मुलं बाहेर गेल्यावर इग्नेशियस सर टेबलाशी आले.

“प्रयोग फसतो. माझेही फसलेत. पण फसल्यावर तू वर्गाला पाठ दाखवलीस, त्याचे मार्क मला कापावे लागतील.”

“पण सर, मागच्या आठवड्यात आलोशियस सरांनी याच चौकटीवर...”

“ते मी पाहिलंय,” ते म्हणाले. चौकट त्यांनी उचलून बघितली, परत ठेवली. “म्हणजे त्यानंतर हिला काहीतरी झालंय.”

ते तेवढं बोलून निघून गेले. सालोमीनं मान वर केली तेव्हा विनी दाराशी उभी होती. तिला काहीतरी बोलायचं होतं बहुधा. पण सालोमीची नजर पडताच ती वळली आणि व्हरांड्यातून चालू लागली.

आलोशियस सर शाळेचे विज्ञान शिक्षक. वय झालेलं, पण उन्हाळ्यातही कोट सुटायचा नाही. नव्या शिक्षकांनी कसं शिकवावं ते दाखवायला कॉलेज दर वर्षी त्यांचाच दिग्दर्शन पाठ ठेवत असे. मागच्या आठवड्यात त्यांनी कळ दाबली आणि सुई दार उघडावं तशी फिरली. सेल उलटे जोडले, तर उलटी फिरली. वर्गात बसलेल्या सगळ्या भावी शिक्षकांच्या तोंडून ‘अरे वा’ निघालं.  सालोमीला मात्र नववीतली ती दुपार आठवत होती, याच शाळेतली. ही सुई अशीच वळली होती, आणि पाचूबंदरला घरी जाऊन तिनं आईला सांगितलं होतं, मी बाजारात मासळी घेऊन बसणार नाही, मी शिकणार. ही गोष्ट तिनं सरावाच्या पहिल्याच दिवशी विनीला सांगितली होती. तेव्हा विनी तिची मैत्रीण होती.

त्या रात्री सालोमीनं सगळं मनाशी जुळवलं. हा धडा नको घेऊस, प्रकाशाचा घे, असं विनी तिला एकदा नाही, दोनदा म्हणाली होती. का, असं विचारलं तर ‘सोपा आहे’ एवढंच. आणि पाठाच्या दिवशी सकाळी सालोमी शाळेत आली, तेव्हा विनी उपकरणांच्या खोलीतून बाहेर पडत होती. हातरुमालाला बोटं पुसत होती आणि सालोमी समोर दिसताच दचकली होती. ‘खडू घ्यायला आले होते,’ म्हणाली. हातात खडू नव्हता.

एप्रिलात आलोशियस सर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी दोघींपैकी एकीला घेऊ, असं मुख्याध्यापक फादर उघडच बोलले होते. विनीचं घर बागायतदाराचं, केळीची वाडी, दारात विहीर. तिला नोकरी नाही मिळाली तरी अडणार नव्हतं. मग तरी का? पण ज्याला गरज नसते तोच हात मारतो, असंही सालोमीला वाटलं, आणि एकदा वाटल्यावर ते मनातून हलेना.

दुसऱ्या दिवशी ती इग्नेशियस सरांच्या खोलीत गेली आणि जे पाहिलं ते सांगितलं.

“तिनं तारेला हात लावलेला पाहिलास?”

“खोलीतून येताना पाहिलं.”

“ते वेगळं.”

“पण सर, तीच एकटी आत होती.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बरं. मी तिला विचारतो.”

सोमवारी विनी शाळेत आली नाही. तिला उरलेल्या पाठांसाठी आगाशीच्या शाळेत पाठवलं होतं. सालोमीला व्हरांड्यात गाठून इग्नेशियस सर हळू आवाजात म्हणाले, “तिनं नाकारलं नाही. हा विषय इथंच संपला. तू तुझा पाठ पुन्हा घे.”

नाकारलं नाही. सालोमी घरी जाईपर्यंत हे दोन शब्द तोंडात घोळवत होती. तिला बरं वाटायला हवं होतं. आई, लुईझा, ओट्यावर बसून सुकटाची टोपली निवडत होती. लेकीनं सगळं सांगितल्यावर तिचा हात थांबला.

“ती पोर आपल्याकडं जेवून गेली नव्हती का गो? बोंबील मागून घेतले होते तिनं.”

“जेवली म्हणून काय झालं?”

“काय नाय. आठवलं म्हनून बोलली.” लुईझानं पुन्हा सुकट चाळायला घेतली. “पानी पी. तोंड सुकलंय तुझं.”

शनिवारी शाळा अर्धा दिवस असे. सगळे गेल्यावर सालोमी उपकरणांच्या खोलीत एकटीच बसली. पाठ पुन्हा घ्यायचा, तर तार दुरुस्त करायला हवी होती. तांब्याची ती जाड तार वरून पुसून लख्ख ठेवलेली होती. दोन्ही टोकं पितळी स्क्रूखाली लाकडात गेलेली. विनीनं कुठं घाव घातलाय ते बघायला तिनं पहिला स्क्रू फिरवला. तो सहज निघाला. अलीकडेच कोणीतरी उघडला असावा. आतली तार ठीक होती.

दुसराही सैल होता. त्याच्याखाली तार नव्हतीच. हिरवा चुरा होता, आणि त्या चुऱ्यापलीकडं तारेचं कुरतडलेलं टोक. समुद्राकडच्या खाऱ्या हवेत तांब्याचं असं होतं. घरच्या होडीवर तिनं लहानपणापासून पाहिलेलं. कापल्याची खूण कुठं नव्हती. तिनं चौकट उजेडात धरली. स्क्रूच्या भोकातून व्हार्निश आत ओघळलं होतं आणि तुटलेल्या टोकावर त्याचा पिवळसर थेंब वाळून काचेसारखा कडक झाला होता. तुटलेल्या टोकावर. म्हणजे तार आधी तुटली, व्हार्निश नंतर लागलं. चौकटीच्या बुडाशी, त्याच व्हार्निशवर, पांढऱ्या रंगात शाळेनं लिहिलं होतं: साठा तपासणी, मे ७७.

आता एकोणऐंशीचा डिसेंबर चालू होता.

 खाली मैदानात नाताळच्या गोठ्यासाठी बांबू ठोकत होते, त्याचा आवाज येत होता. दोन वर्षांहून अधिक काळ तुटलेली तार. मग आलोशियस सरांच्या पाठाला सुई हलली कशी?

तिनं स्क्रू होते तसे बसवले. कोणाला काही बोलली नाही. सोमवारी आलोशियस सर हाच प्रयोग नववी ‘ब’ला दाखवणार होते, ‘मागं बसू का’ असं तिनं विचारलं, तर ते खूश झाले.

“बस की. शिकायला वय नसतं.”

ती मागं नाही, खिडकीच्या कडेच्या बाकावर बसली, जिथून टेबल आडवं दिसत होतं. टेबलाला समोरून फळी होती. मुलांच्या बाजूनं सरांचे पाय दिसत नसत. सरांनी प्रस्तावना केली, प्रश्न विचारले, मुलांना हसवलं. त्यांचं शिकवणं आजही ऐकत राहावं असंच होतं. मग ते उजव्या हातानं कळेकडं गेले. सगळ्या वर्गाची नजर सुईवर होती. सालोमी डाव्या हाताकडं बघत होती. तो हात कोटाच्या खिशातून निघाला आणि फळीआड टेबलाखाली गेला.

कळ दाबायच्या आधीच सुईचं टोक थरथरलं. मग कळ दाबली गेली आणि सुई दार उघडावं तशी फिरली.

“वाऽऽ!” वर्ग ओरडला.

तास संपून मुलं पांगल्यावर सालोमी टेबलाशी गेली. तिनं स्क्रू काढून चौकट सरांपुढं ठेवली.  सरांनी वाकून भोकात पाहिलं, बोटानं हिरवा चुरा उकरला.

“तुटलीय?”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नाही गं.” ते खुर्चीवर बसले. “मी कशाला बघतोय? मला तारेची गरजच पडत नव्हती.”

तिनं टेबलाच्या कडेला हात टेकला. त्यांनी आपल्याला मुद्दामच या धड्यात तोंडघशी पडू दिलं, असा संशय ती शनिवारपासून बाळगून होती. तो आता कुठं ठेवावा ते तिला कळेना.

“सुरुवातीला हलायची,” सर म्हणाले. “खरीखुरी. मग एका वर्षी नाही हलली. सेल ओले, तारा गंजलेल्या. नवं सामान मागवलं तर येता येत नाही. पोरं हसली. एक जण उठून म्हणाला, सर, पुस्तकात खोटं लिहिलंय का? त्याला उत्तर काय देऊ? दुसऱ्या दिवशी चुंबक घेऊन गेलो. एकदाच, म्हटलं.”

“मग?”

“मग सोपं पडलं.”

“आमच्या वेळी?” सालोमीनं विचारलं. “मी नववीत होते तेव्हा?”

सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं.

“तुमच्याही वेळी,” ते म्हणाले.

तिनं मान हलवली, जणू त्यांनी नुसती घड्याळातली वेळ सांगितली होती. मग स्क्रू उचलले आणि म्हणाली, “सुरी आहे का? तार खरवडायला लागेल.”

त्यांनी खणातून सुरी काढली. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. तिनं त्यांना कोटाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. खांदे अगदीच बारीक होते. दोघांनी मिळून हिरवा चुरा साफ केला, दुसरीकडचा स्क्रू सैल करून तारेचं चांगलं टोक ओढून घेतलं आणि स्क्रूखाली दाबलं, नवे सेल लावले.

“तुम्ही दाबा,” सालोमी म्हणाली.

सरांनी कळ दाबली. सुई हलली. दारासारखी नाही, हळूच, अडखळत, थोडीशी वळली आणि तिथंच थरथरत राहिली. त्यांनी कळ सोडली, सुई परत आली. पुन्हा दाबली. पुन्हा. त्यांचा डावा हात मांडीवर उपडा पडला होता.

“एवढीच?” त्यांनी विचारलं.

“एवढीच, सर.”

ती निघायला लागली तेव्हा ते म्हणाले, “विनीला आगाशीला धाडलं ते यापायी?”

“मी सांगितलं म्हणून.”

“इग्नेशियसला तुला जे सांगायचं ते सांग. तो माझ्याकडं आला तर मी नाही म्हणणार नाही.”

त्यांनी तिला गप्प राहा असं सांगितलं असतं, तर तिला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती इग्नेशियस सरांच्या खोलीबाहेर उभी राहिली, तेव्हाही तिचं ठरलं नव्हतं. खरं सांगितलं तर विनी सुटत होती. पण मग चार महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या माणसाच्या मागं काय उरणार होतं? वसईतल्या अर्ध्या घरांत त्यांनी शिकवलेलं कोणी ना कोणी होतं. आत बोलावल्यावर ती खुर्चीवर बसली नाही.

“सर, विनीचा दोष नाही. तार माझ्या हातून तुटली.”

सरांनी लेखणी खाली ठेवली.

“केव्हा?”

“पाठाच्या आदल्या दिवशी. चौकट पुसायला घेतली होती. जोरात ओढली गेली असेल. माझ्या ध्यानात आलं नाही.”

“आणि मग ध्यानात आलं.”

“हो.”

“विनीचं नाव घेण्याआधी की नंतर?”

 सर तिच्याकडं अशा नजरेनं बघत होते, की जणू एखाद्या मुलानं बरोबर उत्तर लिहिलंय पण रीत कुठून तरी उचललीय.  

“तू खोटं बोलते आहेस,” ते म्हणाले. “आज, की त्या दिवशी, तेवढं मला कळत नाही. पण सहकाऱ्यावर आळ घेणाऱ्या मुलीला मी त्या शाळेत ठेवू शकत नाही. फादरनाही कळवावं लागेल. उद्यापासून तूही आगाशीला जा.”

जागा गेली. ती दारातून बाहेर पडतानाच तिला ते समजलं. विनीची आधीच गेली होती. एप्रिलात त्या टेबलामागं तिसरंच कोणीतरी उभं राहणार होतं.

आगाशीला एस.टी. बाजाराशी थांबली. सालोमी चालत शाळेत पोचली, तेव्हा विनी विहिरीच्या कठड्याशी उभी राहून पाठाचं टाचण वाचत होती. सालोमीला बघून तिनं पान मिटलं नाही.

“इथं काय?”

“मलाही धाडलं.”

“का?”

“तू केलं नव्हतंस,” सालोमी म्हणाली. “तार कधीचीच तुटलेली होती. सर चुंबक धरतात.”

विनीनं आता पान मिटलं.

“तुला कळलं तर.”

“तुला कधीपासून ठाऊक?”

“दिग्दर्शन पाठाला मी कडेला बसले होते. कळेच्या आधी सुई थरथरली. तुझ्या पाठाच्या दिवशी सकाळी जाऊन स्क्रू उघडून बघितला, तर आत नुसता हिरवा चुरा. जोडायला गेले, तर टोकच पुरेना.”

“मग मला सांगायचंस!”

“प्रकाशाचा धडा घे म्हटलं ना.”

“ते का, ते सांगायचंस.”

“काय सांगू?” विनीचा आवाज चढला. “ती सुई बघून तू घरी जाऊन काय बोललीस ते मला पहिल्याच दिवशी सांगितलंस. डोळ्यांत पाणी आणून. त्यावर मी काय सांगायचं होतं, सालोमी?”

बाजूनं दोन मुली कळशी घेऊन गेल्या. सालोमी त्या लांब जाईपर्यंत थांबली.

“इग्नेशियस सरांनी विचारलं, तेव्हा काय म्हणालीस?”

“आणखी काय म्हणणार? म्हटलं, स्क्रू घट्ट करायला गेले, तार माझ्या हातून तुटली.”

सालोमी तिच्याकडं बघतच राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला.

“काय झालं?”

“मीपण,” सालोमी म्हणाली. “काल. मीपण त्यांना हेच सांगितलं. पुसताना माझ्या हातून तुटली म्हणून.”

विनीला कळायला क्षणभर लागला. तिचे ओठ घट्ट मिटले होते, ते एका कोपऱ्यातून सुटले.

“बिचारे सर,” ती म्हणाली. “एक तार दोघींनी तोडली.”

दोघी हसल्या, पण विनी आधी थांबली.

“मी रागावलेली आहे अजून,” ती म्हणाली. “तू मला विचारलंसुद्धा नाहीस. सरळ वर गेलीस.”

“ठाऊक आहे.”

“ते लगेच जाणार नाही.”

“बरं.”

घंटा झाली. विनीनं पदर सारखा केला आणि सामानाची पेटी उचलली. दुसरं कडं सालोमीनं धरलं. विनी नको म्हणाली नाही.

वर्गात सालोमी निरीक्षकाच्या बाकावर, अगदी मागं जाऊन बसली. विनीनं हजेरी घेतली, पेटीतून तार, सेल आणि चुंबकसूची काढली आणि मग मुलांना बाक भिंतींना सरकवायला सांगितले. लाकूड लाद्यांवर घासल्याचा मोठा गोंगाट झाला. शेजारच्या वर्गातले शिक्षक दारातून डोकावून गेले. समोरचं टेबल तिनं दोन मुलांच्या मदतीनं ओढत ओढत वर्गाच्या मधोमध आणलं.

“असे चारी बाजूंनी उभे राहा,” ती म्हणाली. “खाली वाकून बघायचं त्यानं वाकून बघा. माझ्या हातांकडेही बघा.”

मुलं ढकलाढकली करत टेबलाभोवती जमली. मागच्या बाकावरून सालोमीला नुसत्या पाठी दिसू लागल्या. ती उठली आणि त्या घोळक्यात, जागा मिळेल तिथं, जाऊन उभी राहिली.